दोडक्याच्या वेलामागची भिंत

सुधाकरभाऊ, भिंत कशाला पाहिजे ते सांगायला काय झालं होतं तुम्हाला?

दोनदा मागितलीत. दोन्ही वेळा मी 'काऊन?' म्हणून विचारलं आणि दोन्ही वेळा तुम्ही 'काही नाही, असंच' म्हणून ब्रश पुसत बसलात. असंच म्हणून भरला वेल कोणी तोडतं का? मी तरी तोडत नाही. उंद्रीच्या शेतकऱ्याची पोर आहे मी, फुलावरच्या वेलाला धक्का लागला तरी माझा बाप दिवसभर बोलत नसे. हे तुम्हाला माहीत होतं. म्हणूनच तुम्ही जास्त बोलला नाहीत, असं आता वाटतं. आणि आता वाटून काय उपयोग!

परवा तुमची तेरवी झाली. काल जे झालं ते तुम्हाला सांगायला बसले आहे. शाळेत तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे कागद पुढे आला की माझी भाषा इस्त्री केल्यासारखी होते. तुमच्याशी भांडण मात्र नेहमी आपल्या वऱ्हाडीतच व्हायचं. तेव्हा मध्येच भाषा बदलली तर समजून घ्या, मी भांडायला लागले आहे.

आपल्या चिखलीच्या या कॉलनीच्या नकाशात ती जागा 'बगीचा' म्हणून दाखवलेली होती. सगळे तिला 'ओपन पेस' म्हणायचे. बगीच्यात काय होतं? बेशरमाची झाडं, फुटकी टमरेलं, पोत्यांनी कचरा आणि त्यात लोळणारी डुकरं. पलीकडे सरकीच्या गोडाऊनची लांबलचक मागची भिंत, आणि त्या भिंतीचा उपयोग येणारे-जाणारे गडी कशासाठी करायचे ते मी लिहीत नाही. मी रिटायर झाले त्याच्या आदल्या वर्षी आमचे हे गेले होते. घर खायला उठायचं. एक दिवस कुदळ घेतली आणि तिथं जाऊन बेशरम उपटायला लागले. लोकांना वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. मग हळूहळू पाच-सहा जणी आल्या. कोणाचं माहेर जानेफळचं, कोणाचं मेहकरचं, सगळ्या शेतात वाढलेल्या आणि लग्न होऊन दोन खोल्यांच्या घरात कोंडलेल्या. वाफे पडले. मेथी आली, पालक आला, वांगी लागली. पण कचरा थांबेना. सकाळी जावं तर मेथीवर कोणाच्या तरी घरचं खरकटं.

कोणीतरी म्हणालं, भिंतीवर देवांच्या फरशा लावा, म्हणजे कोणी घाण करणार नाही. सगळ्यांना पटलं. तुम्ही तेव्हा रस्त्यावर सायकल धरून उभे होतात, सायकलीला रंगाचे डबे लटकवलेले. तुमची-माझी तोवर ओळख म्हणजे फक्त 'कोपऱ्यावरचे पेंटर' एवढीच. तुम्ही तिथूनच बोललात.

"देवाले कायले पहाऱ्यावर बसवता बाई? त्याले दुसरे कामं नाहीत का?"

"मंग तुम्ही बसता का पहाऱ्यावर?" मी म्हटलं. पहिलंच वाक्य, आणि तेही असं!

तुम्ही हसलात. म्हणालात, "मी लग्नघराची भिंत करून देतो. लग्नघरापुढं कोणी घाण करत नाही."

आपल्या भागात लग्न निघालं की आधी पेंटर येतो, मग आचारी ठरतो. दाराच्या दोन्ही बाजूंना सोंड वर करून हार घेतलेले हत्ती, केळीचे खांब, भालदार-चोपदार, मोर, आणि मध्ये मोठ्या अक्षरात शुभविवाह, खाली नवरा-नवरीची नावं. लग्न होऊन पोरं शाळेत जायला लागतात तरी नावं भिंतीवर असतात. ही नावं लिहिण्यातच तुमचं आयुष्य गेलं. तालुक्यातल्या किती घरांच्या भिंती तुमच्या हातच्या होत्या ते तुम्हालाही सांगता आलं नसतं.

चार दिवसांत तुम्ही त्या घाणेरड्या भिंतीचं लग्नघर केलंत. हत्ती, मोर, खांब, सगळं. शुभविवाह लिहिलंत आणि खालची नावांची जागा मोकळी सोडलीत, कारण लग्न कोणाचंच नव्हतं. आणि काय सांगू भाऊ, जादू झाली! एक माणूस बादली भरून कचरा घेऊन आला, हत्तीकडे पाहिलं, मोराकडे पाहिलं, आणि बादली तशीच घेऊन परत गेला. कोणाच्या शुभकार्यात खरकटं टाकायची आपल्या माणसाची छाती होत नाही. मी त्या दिवशी तुम्हाला मनातल्या मनात हात जोडले. तोंडावर मात्र म्हटलं, "मोराची मान वाकडी आहे." ती वाकडी नव्हती.

नंतरचं आपलं भांडण जगजाहीर आहे. तुम्ही ब्रश धुतलेलं निळं पाणी माझ्या मेथीच्या वाफ्यात ओतायचात. मी ओरडायचे. तुम्ही म्हणायचात, "नीळ हाय बाई, पांढऱ्या कपड्याले चालते, मेथीले काय होते?" दोन दिवस मी तुम्हाला चहा द्यायचा बंद केला, तेव्हा डबा घेऊन नालीपर्यंत जायला लागलात.

पण खरं भांडण भिंतीचं. मला दोडक्या-गिलक्याचे वेल चढवायला आधार पाहिजे होता आणि उन्हाची अशी दुसरी भिंत त्या जागेत नव्हती. मृगात मी बी लावलं आणि तुम्हाला न विचारता भिंतीत खिळे ठोकून सुतळ्या ताणल्या. एक खिळा नेमका हत्तीच्या डोळ्यात गेला. तुम्ही आलात, त्या खिळ्यावर बोट ठेवलंत, आणि म्हणालात, "बाई, जनावर आंधळं केलं तुम्ही."

"मंग भिंत काय तुमच्या वडिलांची हाय?"

"तुमच्या तरी वडिलांची हाय का?"

दोघांच्याही वडिलांची नव्हती. ती शेठजीच्या गोडाऊनची होती, आणि शेठजींना आपण दोघांनीही कधी विचारलं नव्हतं. शेवटी तुमच्या ओट्यावर बसून तह झाला, सिंधूवहिनी साक्षीला. मृग लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत भिंत वेलाची. तुळशीचं लग्न झालं, लग्नाचे मुहूर्त सुटले, की पुढे मृगापर्यंत भिंत तुमची. वेल वाळलेला असायचाच तेव्हा. मी तो ओढून काढायची, खिळे उपटायची, तुम्ही भोकं बुजवून नव्याने हत्ती काढायचात. पावसात आणि वेलाखाली चित्र खराब व्हायचं, म्हणजे दरवर्षी पुन्हा सगळं. मी एकदा म्हटलंही, "कशाला एवढी मेहनत? कोणी पैसे देत नाही, काही नाही." तुम्ही म्हणालात, "तुमचा वेल दरसाल मरते, तरी तुम्ही लावताच ना?" त्या दिवशी शेवटचा शब्द तुमचा राहिला. असं फार वेळा झालं नाही, म्हणून लक्षात आहे.

तोवर तुमचा धंदा बसत चालला होता. लग्नघरावर फ्लेक्स लागायला लागले. रात्रीतून छापून येतो, नवरा-नवरीचा फोटोही असतो. तुम्ही कधी त्याबद्दल कुरकुर केली नाहीत. गोडाऊनची भिंत मात्र दर साली जास्त मन लावून रंगवायला लागलात.

ते जानेफळचे पाहुणे आठवतात? वैशाखातली भर दुपार. आम्ही बायका वांग्यांना पाणी देत होतो, तुम्ही सावलीत बसला होतात. एक जीप आली, भिंतीपुढे थांबली, आणि त्यातून फेटे बांधलेले बापे, नव्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या, पेढ्यांचे पुडे, आहेराच्या पिशव्या असं सगळं खाली उतरलं. आपल्या माणसाला लग्नाच्या गावी पत्ता लागत नाही, रंगलेली भिंत लागते. खरं लग्न दोन गल्ल्या सोडून होतं. तिथं फ्लेक्स लावला होता, आणि तो पाहून यांना वाटलं, कोण्या पुढाऱ्याचा वाढदिवस आहे! मी सांगायला पुढे झाले तर तुम्ही मला डोळ्यांनी गप्प केलंत. "या, या, बसा," म्हणालात. पाणी दिलंत. एका म्हाताऱ्या बाबाने विचारलं, "नवरदेव कुठी हाय?" तुम्ही मोठ्या वांग्याकडे बोट दाखवलंत, "तो काय, जांभळा शेला घालून!" सगळे हसले. बाबाही हसले. ताक झालं, गप्पा झाल्या.

तेवढ्यात एक म्हातारी भिंतीपाशी गेली. हत्ती पाहिले, मोर पाहिले, मग मोकळ्या जागेवर हात ठेवून तुम्हाला म्हणाली, "काहो पेंटर, समदं केलं अन् नवरीचं नाव काऊन नाही लिहिलं?"

तुमचं हसू तिथंच थांबलं. पाहुण्यांना योग्य घरी पोचवून आलात आणि संध्याकाळपर्यंत कोरडेच ब्रश पुसत बसलात. दिवे लागायच्या वेळी मी घरी निघाले तेव्हा आपण होऊनच म्हणालात, "माह्या पोरीचं लगन झालं बाई. मले फोनवर समजलं."

वैशालीनं नाशकात नोकरीला असताना कोर्टात लग्न केलं, हे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं. तुमच्या तोंडून मात्र पहिल्यांदा ऐकलं. मी मास्तरीण, मला वाटलं दुसऱ्या जातीच्या मुलाचं दुखणं असेल, आणि मी लगेच समजावायला लागले. तुम्ही हात वर केलात.

"जातीचं जाऊ द्या. पोरगा चांगला हाय म्हणते तिची माय. पण मले सांगतलं नाही बाई. साऱ्या तालुक्याच्या पोरींचे नावं लिहिले म्या, अन् माह्या घरची नवरी मले फोनवर समजते?"

"मंग आता लिहा. जागा मोकळीच हाय."

"ज्या लग्नात बापानं अक्षता टाकल्या नाही, त्याचं नाव बापानं लिहावं का?"

तिथून आपला खरा वाद सुरू झाला, जो संपलाच नाही. दर वर्षी हत्ती रंगवून झाले की मी विचारायची, "यंदा?" तुम्ही मान हलवायचात, "नाही." मी म्हणायची, पोर घाबरली असेल. तुम्ही म्हणायचात, बापाले भ्यायची नाही ती कधी. मी म्हणायची, मग लाजली असेल. तुम्ही म्हणायचात, बाई, तुमच्या मेथीकडे पाहा. वहिनी तिच्याशी फोनवर बोलायच्या तेव्हा तुम्ही उठून बाहेर यायचात, आणि बाहेर म्हणजे कुठे, तर खिडकीखाली! सगळं ऐकू यावं अशा बेताने बिडी ओढत उभे. हे वहिनींना माहीत होतं. त्या मुद्दाम मोठ्याने बोलायच्या.

एकदा माझी जीभ सैल सुटली. मी म्हटलं, "भाऊ, पोरीने एकदा चूक केली, तुम्ही रोज करून राह्यले." आठ दिवस तुम्ही बगीच्याकडे फिरकला नाहीत. नवव्या दिवशी लेंडीखताचं पोतं सायकलवर आणून वांग्यांपाशी टाकलंत आणि न बोलता गेलात. ते खत मी आनंदाने वापरलं. पण बोलले ते मागे घेतलं नाही, आणि आजही घेत नाही. मी बरोबर होते. तुमच्या बाबतीत मी दोनच गोष्टींत चुकले. एक तुमच्या मोराची मान, आणि दुसरी आता सांगते.

या वर्षी पाऊस बरा झाला. वेल असा चढला की हत्ती दिसेनात, मोर दिसेना, सगळी भिंत हिरवी. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांसाठी सगळ्या कॉलनीच्या बायका टोपल्या घेऊन आल्या आणि कोणी रिकाम्या हाताने गेली नाही. त्यानंतर चार-पाच दिवसांनी तुम्ही आलात.

"बाई, यंदा भिंत जराशी लवकर द्या मले."

"काऊन?"

"काही नाही, असंच."

"पाहा ना जरा वेलाकडे. कळ्या मोजता येऊन नाही राह्यल्या. असंच म्हणून तोडाचा का?"

"नाही नाही. तुमचं बराबर हाय."

घट बसले त्या दिवशी पुन्हा विचारलंत. सगळ्या जणी होत्या आणि मला उगाच चेव आला. "भाऊ, ठरलं म्हणजे ठरलं. मृगाच्या आधी मी कधी तुमच्या हत्तींले हात लावला का? तुळशीचं लग्न होऊ द्या." बायका हसल्या. तुम्हीही थोडं हसलात. "नाही लावला. तुमचं बराबर हाय बाई." आणि गेलात.

तुम्ही भांडला नाहीत. तिथंच मला समजायला पाहिजे होतं. इतक्या वर्षांत तुम्ही माझं 'बराबर' कधी एका दमात मान्य केलं होतं? आणि इथे पंधरा दिवसांत दोनदा! पण मला जिंकल्याचाच आनंद झाला. घरी जाऊन भाकरी जरा जास्तच खाल्ली मी त्या दिवशी.

दसऱ्याला सोनं द्यायला आलात. आपट्याची पानं हातावर ठेवलीत, फराळाचं घेतलंत, दारातून बगीच्याकडे पाहत थोडे रेंगाळलात. वाटलं, आता तिसऱ्यांदा मागाल, आणि मी उत्तर तयारही ठेवलं होतं. पण मागितली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून ओट्यावर बसलात, वहिनींना चहा टाकायला सांगितला, आणि चहा येईपर्यंत गेलात. कोणाला काही करूही दिलं नाहीत.

पाचव्या-सहाव्या दिवशी मी वहिनींपाशी बसायला गेले. वैशाली आली होती, जावईही आले होते. उंच, शांत मुलगा. आल्यापासून पाणी भरत होता, लोकांच्या चपला सावरत होता. तुम्हाला आवडला असता. वैशाली माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "काकू, बाबा भिंतीवर काय काढणार होते?"

मी म्हटलं, "कोणत्या भिंतीवर?"

"श्रावणात त्यांनी फोन केला. स्वतः. सात वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं आईला काही झालं. तर म्हणाले, दिवाळीले ये. जावयाले घेऊन ये. भिंत पाहाले ये. मी विचारलं, कोणती भिंत? तर म्हणे, आल्यावर दिसतेच ना तुले."

भाऊ, माझ्या पायाखालची जमीन सरकली असं लिहिणं सोपं आहे. खरं सांगायचं तर मला आधी तुमचा राग आला. इतका आला की तिथं, तुमच्या फोटोपुढे, मी मोठ्याने म्हटलं, "मले सांगाले काय झालं होतं?" सगळ्यांनी वळून पाहिलं. दिवाळी म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या आधी. दिवाळीत पोर आली असती तर तिला काय दिसलं असतं? दोडके! मीच सात वर्षं तुमच्या मागे लागले होते, नाव लिहा, नाव लिहा. तुम्ही तयार झालात, आणि भिंत अडवून मीच बसले होते. एक शब्द बोलला असतात, भाऊ. 'वैशूसाठी' एवढंच. मी तो वेल माझ्या दातांनी तोडला असता.

पण तुम्ही ते बायकांच्या घोळक्यात कसं बोलला असता? आणि नंतर एकटीला गाठून बोलायची सोय मी ठेवली नव्हती. सात वर्षं 'नाही' म्हटलेल्या माणसाला 'हो' म्हणताना जरा आडोसा लागतो. शाळेतल्या पोरांच्या बाबतीत हे मला कळायचं. तुमच्या बाबतीत कळलं नाही.

हे पोरीला सांगावं की नाही? आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिच्या मनात एकच गोष्ट होती, बाबा बोलावत होते. त्यात मी आपलं दुखणं कशाला मिसळू? आणि न सांगावं तर रोज तिच्या डोळ्याला डोळा कसा देऊ? तेरवीच्या पंगती उठल्यावर तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. दोनदा मागितली, दोनदा नाही म्हटलं, बायकांपुढे हसं केलं, सगळं.

ती खाली पाहत ऐकत होती. मग म्हणाली, "मला माहीत आहे काकू. दसऱ्याला फोन केला होता त्यांनी. म्हणाले, भिंत अजून बाईच्या ताब्यात हाय. भरला वेल हाय, तोडा म्हणाची जीभ होत नाही. तू दिवाळीच्या जागी तुळशीच्या लग्नानंतर ये."

"चिडले होते का गं?"

"नाही. हसत होते. म्हणे, इतके वर्षं मी थांबवलं, आता बाई मले थांबवून राह्यली."

तुमचा शेवटचा विनोद, आणि तो माझ्यावर. मी तिथंच तोंडाला पदर लावून रडले. तुम्ही गेलात त्या दिवशीही इतकी रडले नव्हते. पोरीनेच मला धरलं. उलटं झालं सगळं.

तिची सुट्टी संपत होती. उद्या म्हणजे आज सकाळची गाडी. काल सकाळी मी विळा घेतला आणि भिंतीपाशी गेले. वेलावर अजून फुलं होती, बोटभर कोवळे दोडके होते. एका हाताने बुंधा धरला आणि मुळापासून कापला.  बायका धावत आल्या, "बाई, काय करून राह्यल्या?" मी म्हटलं, "भिंत देऊन राह्यली." मग त्यांनीही सुतळ्या सोडवायला हात लावला. खिळे जावयांनी उपटले, हत्तीच्या डोळ्यातला सुद्धा. वेलाखालून तुमचं गेल्या साली काढलेलं सगळं बाहेर आलं. रंग विटलेला, पोपडे निघालेले, पण हत्ती उभे होते. आणि मध्ये नावांची जागा, मोकळी.

वहिनी तुमचा डबा आणि ब्रश घेऊन आल्या. तेव्हा कॉलनीतल्या एक जुन्या काकू पुढे झाल्या. त्यांचं मन वाईट नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. "सिंधूबाई, मयतीच्या घरचं वरीसभर शुभकार्य लिहीत नसतात. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी लगन मांडता का भिंतीवर?"

 मी काहीतरी तोडून बोलणार तेवढ्यात वहिनी शांतपणे म्हणाल्या, "लगन त कवाचंच झालं. नुसतं लिहाचं राह्यलं होतं."

त्या काकूंनीच मग पाण्याची बादली भिंतीपाशी सरकवली.

वैशालीनं ब्रश माझ्या हातात दिला. तिचे स्वतःचे हात ओले होते, भिंत धुवून. मी म्हटलं, मला नाही जमायचं, मी फळ्यावर लिहिणारी. ती म्हणाली, तुम्हीच लिहा. मी लिहिलं. चि. सौ. कां. वैशाली. खाली चि. संदीप. 'शा'चा काना खाली ओघळला. संदीपचं नाव थोडं वर चढलं. दुरून पाहिलं तर शाळेतल्या पोराने लिहिल्यासारखं दिसतं. पोरगी पाहत उभी राहिली, नवरा तिच्या बाजूला. दोघांनी भिंतीला नमस्कार केला, मग मला वाकून केला. मला नको होता तो. घेतला.

दुपारी सगळे पांगले. मी आणि वहिनी तिथंच बसलो होतो, कापलेल्या वेलाचे दोडके टोपलीत भरत. एक अनोळखी माणूस मोटरसायकलवर आला. भिंत पाहून गाडी हळू केली, नावं वाचली, आणि आपल्या माणसाच्या सवयीने विचारलं, "कोणाचं लगन हाय मावशी?"

वहिनींनी पदर सावरला. मान वर केली.

"माह्या पोरीचं," म्हणाल्या.

तो 'बरं बरं' म्हणत गेला. भाऊ, हे उत्तर द्यायला तुम्ही तिथं असायला पाहिजे होतात. त्यासाठीच भिंत मागत होतात, आणि मी चार दोडक्यांसाठी दिली नाही. माफ करा मला.